जुनी अवजड एसयूव्ही की नवी सेडान?

पत्राचा गोषवारा : एका वाचक भगिनींच्या घरी गेली आठ वर्षे एक लहान हॅचबॅक आहे. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या परिचयातील एका कुटुंबाच्या तेवढ्याच आकाराच्या गाडीची एका मोठ्या एसयूव्हीशी समोरासमोर टक्कर झाली. एसयूव्हीतील माणसे आपल्या पायांनी बाहेर आली, हॅचबॅकमधील दोघांना मात्र दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. तेव्हापासून घरात गाडी बदलण्याचे घाटते आहे. हाताशी असलेल्या पैशांत दोन पर्याय बसतात. एक, बारा वर्षे वापरलेली, सुमारे दोन टन वजनाची आणि पुढच्या दोनच एअरबॅगा असलेली एसयूव्ही; दुसरा, क्रॅश टेस्टमध्ये चांगले तारे मिळवलेली, साधारण १३०० किलोची नवी सेडान. थोरल्या बंधूंचा आग्रह एसयूव्हीसाठी आहे. ‘तारे भिंतीवर आदळून मिळतात, रस्त्यावर शेवटी वजनच बोलते,’ असे ते म्हणतात. १८ वर्षांची मुलगी याच गाडीवर चालवायला शिकणार आहे. पत्राच्या शेवटी या भगिनी विचारतात : ‘दुसऱ्याला जास्त इजा करू शकणारी गाडी केवळ आपल्या बचावासाठी घ्यावी का, हा विचार मनातून जात नाही. आईने असा विचार करणे चूक आहे का?’

उत्तर :

तुमच्या बंधूंचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. समजा, १००० किलोची एक आणि २००० किलोची एक अशा दोन गाड्या ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकून राहिल्या. संवेग अक्षय्यतेच्या सिद्धांतानुसार ती अडकलेली जोडी जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने पुढे सरकते. म्हणजे जड गाडीचा वेग ५० वरून १७ वर येतो, ३३ ने बदलतो. हलकी गाडी मात्र ५० वरून शून्यावर येऊन थांबत नाही, तिला १७ च्या वेगाने उलट ढकलत नेले जाते. तिच्या वेगातील बदल ६७ इतका होतो. हे सारे सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्शात घडते आणि आतल्या माणसाला इजा होते ती मुख्यतः या अचानक बदलामुळे. वजनाचे गुणोत्तर एकास दोन असेल, तर बदलाचे गुणोत्तर नेमके उलटे, दोनास एक असते. यात कोणत्याही कंपनीच्या अभियंत्याला सवलत मिळवता येत नाही.

प्रत्यक्ष चाचण्यांतही हेच दिसले आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने २००९ साली तीन अगदी लहान गाड्या त्यांच्याच उत्पादकांच्या मध्यम गाड्यांवर आदळवल्या. स्मार्ट फोरटू मर्सिडीजच्या सी-क्लासवर, होंडा फिट अकॉर्डवर आणि टोयोटा यारिस कॅमरीवर. दोन्ही बाजूंचा वेग ताशी ६४ किलोमीटर. स्थिर अडथळ्यावरच्या चाचणीत या तिन्ही लहान गाड्यांना चांगला शेरा मिळालेला होता. मोठ्या गाडीशी झालेल्या टकरीत तिघींनाही ‘निकृष्ट’ हा शेरा मिळाला. तेव्हा तुमच्या परिचितांच्या अपघातात जे घडले, ते दुर्दैव असले तरी अनपेक्षित नव्हते.

इथपर्यंत बंधू बरोबर आहेत. पण तुमच्या पत्रात एक गृहीतक न बोलता येऊन बसले आहे, ते असे की तुमच्या वाट्याला कधी अपघात आलाच तर तो याच प्रकारचा असेल : समोरून येणारी, आपल्याहून जड पण आपल्याच जातीची एक गाडी. जो अपघात जवळून पाहिला, त्याच्याच विरुद्ध तयारी करण्याकडे आपला कल असतो, आणि ते स्वाभाविकही आहे. रस्त्यावर मात्र गाड्या झाडांवर, खांबांवर आणि पुलांच्या कठड्यांवर आदळतात, उलटतात, त्यांना बाजूने धडक बसते, त्या ट्रकच्या मागच्या भागाखाली घुसतात. यांपैकी प्रत्येक प्रसंगात वजनाची कामगिरी वेगळी असते.

ट्रकचे उदाहरण घ्या. २० टनांचा ट्रक समोर असेल, तर दोन्ही वाहनांच्या वेगांत मिळून जो बदल होतो, त्यातला सुमारे ९४ टक्के भाग १३०० किलोच्या सेडानला सोसावा लागतो. दोन टनांच्या एसयूव्हीला सुमारे ९१ टक्के. ज्या ७०० किलोंसाठी तुम्ही नव्या गाडीवर पाणी सोडणार आहात, त्यांचे मोल येथे तीन टक्क्यांवर येते. भिंत किंवा जाड बुंधा समोर असेल, तर तेवढेही उरत नाही. न हलणाऱ्या वस्तूला तुमच्या वजनाशी काही देणेघेणे नसते. उलट जड गाडी स्वतःबरोबर अधिक ऊर्जा घेऊन येते आणि ती जिरवण्याचे काम तिच्याच सांगाड्याला करावे लागते. बारीक खांब मोडून पुढे जाणे जड गाडीला जमते हे खरे, पण खांब मोडेल या भरवशावर गाडी निवडू नये.

आकार आणि वजन या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. मला वाटते, तुमच्या घरातील वादाचे मूळ तिथेच आहे. मोठी गाडी सहसा जड असते, म्हणून ही गल्लत होते. परंतु दोघांचे काम वेगळे आहे. लांबीमुळे, विशेषतः पुढच्या चाकांपासून बंपरपर्यंतच्या भागामुळे, चेपायला जागा मिळते. ताशी ५० किलोमीटरचा वेग ४० सेंटिमीटरांत शून्यावर आणायचा असेल, तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५ पट ताण येतो. तेच ६० सेंटिमीटरांत झाले, तर ताण सुमारे १६ पटींवर उतरतो. वीतभर लांबीने पडणारा हा फरक भिंतीवर आदळतानाही मिळतो आणि दुसऱ्या गाडीवर आदळतानाही. शिवाय माझ्या गाडीचा पुढचा भाग नीट चेपला, तर समोरच्यालाही थोडा अधिक वेळ मिळतो. वजनाचे तसे नाही. टकरीत माझे वजन मला जे देते, ते समोरच्याच्या खात्यातून काढून देते.

पुढचा भाग चेपणे म्हणजे पत्रा हलका असणे, अशी समजूत अजूनही पुष्कळ आहे, आणि जुन्या गाड्यांच्या कौतुकात ती हमखास डोकावते. मर्सिडीज-बेंझमधील अभियंते बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपेल, पण मधली बैठकीची जागा टणक राहील, अशी रचना मांडली होती. ती रचना गेल्या काही दशकांत किती पुढे गेली, हे पाहायचे असेल, तर वर उल्लेखलेल्या संस्थेनेच २००९ साली केलेली आणखी एक चाचणी पाहावी. १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मालिबू या वजनाने जवळपास सारख्या गाड्या एकमेकींवर आदळवल्या गेल्या. जुन्या गाडीची बैठकीची जागा कोसळली. तिचा चालक जगला नसता. नव्या गाडीतील डमीच्या, म्हणजे चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याच्या, पायाला किरकोळ दुखापतीची नोंद झाली. पन्नास वर्षांचे अंतर तुमच्या दोन पर्यायांत नाही, बारा वर्षांचेच आहे, हे मान्य. पण वजन सारखे असताना रचनेने एवढा फरक पडू शकतो, हे बंधूंना दाखवण्याजोगे आहे.

ताऱ्यांविषयी बंधू म्हणतात त्यात अर्धे सत्य आहे. स्थिर अडथळ्यावरची समोरची चाचणी ही साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या टकरीसारखी असते. म्हणून पाच तारे मिळालेली ९०० किलोची गाडी आणि पाच तारे मिळालेली १८०० किलोची गाडी समोरच्या टकरीत सारख्याच सुरक्षित आहेत, असा अर्थ काढता येत नाही. तारे सारख्या वजनाच्या गाड्यांची तुलना करण्यासाठी असतात. मात्र त्यावरून तारे निरर्थक ठरवणे हा उतावळेपणा आहे, कारण बाजूची धडक, मागच्या सीटवरील मुलांची सुरक्षितता, आपोआप लागणारे ब्रेक अशा गोष्टींचेही गुण अनेक संस्था त्यांत धरतात. समोरची चाचणीही बदलली आहे. युरोपात गाड्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२० पासून एका चाचणीत स्थिर अडथळ्याऐवजी १४०० किलोची हलती गाडी समोरून आणण्यास सुरुवात केली. दोन्हींचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो, आणि समोरच्या गाडीला आपली गाडी किती उपद्रव देते, हे पाहून गुण कापलेही जातात. तुम्ही पाहिलेले तारे कोणत्या संस्थेने, कोणत्या वर्षीच्या नियमांनुसार दिले, हे आधी तपासा. जुन्या नियमांचे पाच तारे आणि नव्या नियमांचे पाच तारे यांत बरेच अंतर असते.

आता उंचीकडे वळू. उंच गाडीत बसल्यावर सुरक्षित वाटते, दूरचे दिसते. पण दोन चाकांमधील रुंदीच्या मानाने गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी गाडी उलटण्याची शक्यता अधिक. हा दोष इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलने मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणला. गाडी घसरू लागली की हे तंत्र एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून सर्व हलक्या वाहनांना ते सक्तीचे झाले, आणि एकाच वाहनाच्या प्राणघातक अपघातांचा धोका त्यामुळे सुमारे निम्म्याने घटतो, असे तेथील अभ्यास सांगतात. तुम्ही पाहिलेल्या जुन्या एसयूव्हीत ते आहे का, हे पत्रात नाही. ते नसेल, तर माझ्या मते तिचा विचार तिथेच थांबवावा, विशेषतः मुलगी त्यावर शिकणार असताना. नव्या चालकांचे गंभीर अपघात बऱ्याचदा समोरच्या गाडीशी नसून स्वतःच्याच चुकलेल्या अंदाजामुळे होतात : वळणावरचा वेग जास्त होतो, चाक रस्त्याच्या कडेला उतरते आणि घाबरून स्टिअरिंग जोरात फिरवले जाते. या क्षणी उंच आणि जड गाडी सावरायला सगळ्यात अवघड असते.

बाजूच्या धडकेबद्दल थोडक्यात एवढेच, की दारापाशी चेपायला लांबी नसते, त्यामुळे तिथे पडदा एअरबॅगांचे, म्हणजे खिडकीवर पडद्यासारख्या उलगडणाऱ्या एअरबॅगांचे, महत्त्व फार आहे. डोक्याचे रक्षण करणाऱ्या बाजूच्या एअरबॅगांमुळे चालकाच्या बाजूने बसलेल्या धडकेत त्याच्या मृत्यूचा धोका कारमध्ये ३७ टक्क्यांनी आणि एसयूव्हीत ५२ टक्क्यांनी कमी होतो, असे अमेरिकी आकडे आहेत. जुन्या एसयूव्हीत त्या नाहीत. उंच गाडीत माणूस बंपरच्या रेषेच्या वर बसतो, हा तिचा फायदा खरा, पण तेवढ्यावर ही उणीव भरून निघत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी बाजूला सारणार नाही. तो चुकीचा नाही आणि दुबळेपणाचाही नाही. मायकेल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, धडक देणाऱ्या गाडीचे वजन सुमारे ४५० किलोंनी वाढले की जिला धडक बसली त्या गाडीतील मृत्यूची शक्यता ४७ टक्क्यांनी वाढते. पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत पुढच्या भागाचा आकार निर्णायक ठरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार ज्यांच्या बॉनेटची उंची एक मीटरपेक्षा थोडी अधिक असते, अशा वाहनांची धडक बुटक्या, उतरत्या पुढच्या भागाच्या गाड्यांच्या धडकेपेक्षा ४५ टक्क्यांनी अधिक जीवघेणी ठरते. उंच बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतच नाही, हेही त्यात धरा; आणि ते मूल बहुतेकदा घरचे किंवा शेजारचेच असते.

एखाद्या आईने ‘माझ्या मुलीचा जीव आधी’ असे म्हटले, तर तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण सुदैवाने तुमच्यासमोरची निवड तशी नाही. २०२५ साली आलेल्या एका अमेरिकी विश्लेषणात असे दिसले की, सरासरीपेक्षा हलक्या गाडीला थोडे वजन मिळाले तर आतल्यांचे रक्षण लक्षणीय वाढते. सरासरी ओलांडल्यावर मात्र आणखी वजनाने आतल्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही, बाहेरच्यांचा धोका तेवढा वाढत राहतो. म्हणजे फार लहान गाडीतून मध्यम गाडीकडे जाण्याचे पाऊल मोलाचे आहे. मध्यम गाडीतून अवजड गाडीकडे जाण्याचे तसे नाही. तुमची भीती तुम्हाला पहिल्या पावलापर्यंत बरोबर घेऊन आली आहे. दुसऱ्या पावलाचा आग्रह बंधूंचा आहे.

म्हणून माझा कौल नव्या सेडानला आहे, आणि त्याची किंमतही सांगून टाकतो. ती सेडान दोन टनांच्या एसयूव्हीवर समोरासमोर आदळली, तर वेगातील बदलाचा सुमारे ६१ टक्के भाग तिच्या वाट्याला येईल. तुम्ही स्वतः तशाच एसयूव्हीत असता, तर ५० टक्के आला असता. या एका प्रकारात तुमची बाजू थोडी लंगडी राहील. बाकी बहुतेक प्रकारांत, आणि अपघात टाळण्यात तर नक्कीच, नवी गाडी पुढे आहे.

टाळण्याचा हा भाग बंधूंना गणिताने समजावता येईल. एक हजार किलोची गाडी आणि दीड हजार किलोची गाडी प्रत्येकी ५० च्या वेगाने आदळल्या, तर हलक्या गाडीच्या वेगातील बदल ताशी ६० किलोमीटर होतो. तिचे वजन वाढवून तेही दीड हजार केले, तर तो ५० वर येतो. वजन तेच ठेवून आदळण्यापूर्वी तिच्या चालकाने ब्रेक लावून वेग ३० वर आणला, तर बदल ४८ होतो. अर्धा टन लोखंडाने जे साधते, ते वेळेवर लागलेल्या ब्रेकने साधते, आणि समोरच्या गाडीचाही धक्का ४० वरून ३२ वर येतो. नव्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मिळत असेल, तर पैसे संगीतयंत्रणेवर किंवा काचेच्या छतावर घालण्याऐवजी तिच्यावर घाला. मागून पुढच्या गाडीवर आदळण्याचे अपघात तिच्यामुळे सुमारे निम्मे होतात.

ज्या वाचकांना नवी गाडी शक्यच नाही आणि वापरलेल्या गाड्यांतूनच निवड करायची आहे, त्यांनी वजनाच्या आधी स्टॅबिलिटी कंट्रोल आणि पडदा एअरबॅगा आहेत का ते पाहावे. गाडी मोठ्या अपघातातून दुरुस्त होऊन आलेली नाही ना, याची खात्री जाणकार मेकॅनिककडून खालची चौकट तपासून घ्यावी. एकदा चेपून सरळ केलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा चेपत नाही. टायरच्या बाजूला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेले असते, तेही वाचावे. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. विजेवरची गाडी घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की बॅटरीमुळे ती आपल्या आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जड असते. बॅटरी तळाशी असल्याने ती सहसा उलटत नाही, पण तिच्या वजनाचा भार समोरच्यावर पडतोच.

आणि जे लहान हॅचबॅकच चालवत राहणार आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये. पुढे बसणाऱ्याने सीटबेल्ट लावला, तर प्राणघातक इजेचा धोका कारमध्ये सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो. एवढा फायदा देणारे दुसरे काहीही गाडीत नाही. मागे बसणाऱ्यांनीही तो लावलाच पाहिजे, कारण धडकेच्या वेळी मागचा मोकळा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो. लहान मुलाला मांडीवर न घेता मागच्या सीटवर त्याच्या वयाच्या आणि वजनाच्या आसनात बसवावे. दुभाजक नसलेल्या अरुंद रस्त्याऐवजी थोडा लांबचा, दुभाजक असलेला रस्ता निवडता आला तर निवडावा, कारण तुम्हाला ज्या टकरीची भीती वाटते, ती तिथे क्वचितच होते.

सेडान पाहायला जाताना मुलीला बरोबर न्या आणि चालकाच्या सीटवर तिला बसवून पाहा. पेडलपर्यंत पाय पूर्ण पोहोचत असताना तिच्या छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहते का, डोक्यामागचा टेकू कानांच्या वरपर्यंत येतो का, पुढच्या खांबांआड वळणावरचा माणूस लपतो का, हे तिला स्वतः सांगू द्या. बंधूंनाही सोबत घ्यायला हरकत नाही; फक्त बॉनेटवर टिचकी मारून पत्रा जोखण्याआधी त्यांनी सीटबेल्ट ओढून पाहावेत आणि एअरबॅगा मोजाव्यात.